सगळ्यांची रिकामी जागा

भाटवेळच्या लोकांचं पक्ष्यांवर जिवापाड प्रेम आहे, ही गोष्ट भाटवेळच्या लोकांना स्वतःलाही त्या अहवालातूनच पहिल्यांदा कळली.

अहवाल मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लावला होता. मजकूर थोडका होता. किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात, ‘क्षेत्र सात’ नावाच्या चौकोनात पवनचक्क्या उभ्या करायच्या आहेत. गावातल्या जवळपास सगळ्यांनी त्याला ‘नको’ म्हटलं आहे. मात्र संमतिमापक यंत्राच्या मोजणीनुसार हा विरोध वरवरचा आहे, मनातला नाही. मनातली आहे ती समुद्रपक्ष्यांची काळजी. सबब प्रत्येक चक्कीचं एक पातं काळं रंगवावं, म्हणजे ते पक्ष्यांना दिसेल, आणि कामाला परवानगी द्यावी. हरकत असल्यास महिन्याच्या आत कळवावं.

निलम होडेकरचा बर्फाचा कारखाना सोसायटीला लागूनच होता. कारखाना म्हणायचं आपलं; एक यंत्र, एक शेड आणि विजेचं बिल. पण बर्फाशिवाय होडी सुटत नाही, त्यामुळे गावातला प्रत्येक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, तिच्या दारात येई आणि पेटी भरेपर्यंत उभ्या उभ्या काहीबाही बोले. तो काय बोलला यापेक्षा काय बोलायचं त्याने टाळलं, हे निलम मनात जमेला धरी. त्या सकाळी तिने एक गोष्ट पाहिली. अहवाल वाचणारा शेवटच्या ओळीला पोचला की मान वर करी आणि फळ्याकडे नव्हे, शेजारच्याकडे बघे.

त्याला कारण होतं. यंत्र कोणाच्या मनात काय निघालं ते नावानिशी सांगत नाही, फक्त गावाची बेरीज सांगतं. प्रत्येकाने त्या बेरजेतून स्वतःला वजा केलं आणि उरलेलं गाव फितूर ठरवलं.

“काय गो निलम, वाचलंस?” सोसायटीचे चेअरमन हरेश्वरआप्पा पेटीवर हात टेकून म्हणाले. “मी जीव तोडून नको म्हणालो. बाकीच्यांनी काय केला ता दिसलाच.”

“बाकीचेपण असंच म्हणतायत, आप्पा.”

“म्हणणारच. खाल्लेला माणूस काय ढेकर देऊन सांगतो?”

“आणि पक्षी?”

“कुठले पक्षी?”

“तेच. गेल्या महिन्यात त्या यंत्रापुढे बसून तुम्ही पक्ष्यांसाठी गहिवरला होतात म्हणे.”

आप्पा जरा वरमले. “काहीतरी कारण नको द्यायला?”

नेमकं तेच झालं होतं. पवनचक्क्या का नकोत, असं विचारल्यावर कोणी म्हणालं खांबांच्या घुमण्याने मासा पळेल, कोणी म्हणालं रात्रीचे लाल दिवे डोळ्यांत जातील, कोणी म्हणालं समुद्रातून केबल टाकली की आंघोळीला उतरलेल्या माणसाला शॉक बसेल. सगळ्यात जास्त माणसं पक्ष्यांवर घसरली, कारण पक्ष्यांची बाजू घेतली की पुढे कोणी उलटतपासणी करत नाही. खरं कारण एकानेही सांगितलं नव्हतं. ते सांगायचं म्हणजे आपण मासे कुठे मारतो ते सांगावं लागलं असतं, आणि भाटवेळचा खारवी एक वेळ घरातलं भांडण चव्हाट्यावर आणील, पण जागा सांगणार नाही.

जागा बोलली की जागा जाते, ही तिथली समजूत. मुलगा होडीवर चढायला लागला की आधी जाळं शिकतो आणि मग वळसा शिकतो. दक्षिणेला मारलेला मासा घेऊन उत्तरेकडून बंदरात शिरायचं. समुद्रात दुसरी होडी दिसली की जाळं वर ओढून सरळ चालू लागायचं, जणू आपण वाटेने जातो आहोत. धक्क्यावर कोणी विचारलंच, “कुठे लागला रे?”, तर हात उत्तरेकडे करायचा. विचारणाऱ्याला ठाऊक असतं की हे खोटं आहे, सांगणाऱ्याला ठाऊक असतं की त्याला ठाऊक आहे, आणि दोघंही समाधानाने घरी जातात. सरकारने प्रत्येक होडीवर माग ठेवणारी डबी सक्तीची केली, तेव्हा गावाने तिलाही वळसा शिकवला. डबी एका तरंगत्या पिंपाला बांधून उत्तरेला सोडायची, आपलं काम करून यायचं आणि जाता जाता उचलून घ्यायची.

त्या डब्यांच्या नोंदींवरूनच पवनचक्कीवाल्या कंपनीने समुद्राचा नकाशा केला होता. उत्तरेला होड्यांची दाटी. दक्षिणेला मोकळा, रिकामा चौकोन. तोच क्षेत्र सात.

*

घरी नवरा, दीपेश, ताटावर बसला होता. निलमने वाढायच्या आधीच त्याने विचारलं, “तुझ्या भावाने किती घेतले?”

“कोणी काय घेतलं नाय.”

“मग यंत्र खोटा बोलतो? मी मनापासून नको म्हणालो. माझं मन मला माहीत नाय?”

दुपारी ती माहेरी गेली, म्हणजे बंदराच्या दुसऱ्या टोकाला. थोरला भाऊ महेंद्र अंगणात दोर वळत होता. त्याने मान वर न करता विचारलं, “भावोजींना नोकरी कधीची लागतेय? चक्कीवरची?”

“दादा, तेपण तुझ्याबद्दल हेच विचारत होते.”

“विचारणारच. चोराच्या उलट्या बोंबा.”

माहेर आणि सासर एकाच गावात असण्याचे फायदे सांगणारे पुष्कळ भेटतात. निलमला लग्न झाल्यापासून एकच तोटा पुरून उरला होता. दीपेशला वाटे, ही आपली जागा भावाला सांगते. महेंद्रला वाटे, ही बापसाची जागा नवऱ्याला सांगते. त्या संशयापायी दोघांनी एकमेकांच्या घरचं पाणी सोडलं होतं. सणाला महेंद्र बहिणीकडे येई तो दीपेश बाहेर गेल्याची खात्री करून.

निलमने मात्र कोणाला काही सांगितलं नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं ते भलतंच होतं.

लहानपणी ती बापसाची जाळी साफ करी. जाळ्याच्या कडेला एक तांबूस, खरबरीत खडी अडकलेली असे, आणि तिच्यात चिकटलेले गुलाबी शिंपलेचुरे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासरचं जाळं झटकायला घेतलं, तर हातात तीच खडी आली. माहेरी त्या जागेला ‘आवशीची ओटी’ म्हणत आणि ती शोधायची खूण होती देवळाचा कळस आणि डोंगराची खाच एका रेषेत. सासरी तिला ‘काळी पाठ’ म्हणत आणि खूण होती दीपगृह आणि ताडांची जोडी. नावं दोन, खुणा दोन, तळ एकच. भाऊ संध्याकाळी जाई, नवरा पहाटे. ज्या चोरीचा दोघं एकमेकांवर संशय घेत होते, ती चोरी दोघंही वर्षानुवर्षं इमानदारीने करत होते, आणि हे फक्त तिला माहीत होतं. सांगितलं तर दोन्ही घरं म्हणणार, तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलीस. म्हणून ती गप्प बसली होती.

*

संमतिमापक चालवणारी शर्वरी उमाळे निलमच्या माडीवरच भाड्याने राहत होती. अकोल्याची, तिशीच्या आतली. समुद्राला अजून ‘तो पाण्याचा भाग’ म्हणायची. ती कंपनीची नोकर नव्हती, मोजणीच्या स्वतंत्र संस्थेची होती; पण हा फरक भाटवेळमध्ये तिच्याशिवाय कोणी मानत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना निलमने विषय काढला. “मॅडम, तुमचा मनकाटा चालतो तरी कसा?” यंत्राचं गावातलं नाव मनकाटा.

“आवाजावर चालतो, ताई.” शर्वरीने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. कामाबद्दल कोणी विचारलं की ती जेवण विसरे. “माणूस मनातलं बोलतो तेव्हा गळ्यातल्या स्नायूंचा ताण वेगळा असतो, वरवरचं बोलतो तेव्हा वेगळा. आवाजात एक बारीक थरथर असते, आपल्या कानाला न कळणारी. दोन शब्दांच्या मधे श्वास किती अडतो, तेही यंत्र ऐकतं. पूर्वी जनसुनावण्या व्हायच्या. ज्याचा घसा मोठा किंवा ज्याचे ट्रक जास्त, त्याचं मत गावाचं मत. म्हणून हा नियम आला. घशाला किंमत नाही, मनाला किंमत.”

“पण एकाची थरथर तीच दुसऱ्याची कशी असेल? आमचे आप्पा नमस्कार म्हणतानाही थरथरतात.”

“बरोबर! म्हणून यंत्र आधी प्रत्येकाचा खरा आवाज शिकून घेतं. त्याला आम्ही पाया म्हणतो. माणसाला असं काहीतरी बोलायला लावायचं, जे तो नक्की खरंच सांगेल आणि जे त्याला जिव्हाळ्याचं असेल. मग पुढचं प्रत्येक वाक्य त्या पायाशी ताडून बघायचं. जुळलं तर मनातलं, नाही जुळलं तर वरवरचं.” ती जरा थांबली. “खरं सांगू? तुमच्या गावासारखा पाया मी कुठेच बघितला नाही. इतका शांत, इतका सपाट आवाज. कोणाचा श्वाससुद्धा अडला नाही. आणि तीच माणसं ‘चक्की नको’ म्हणताना नुसती कापत होती. जुळणार कसं?”

“पक्ष्यांबद्दल बोलताना?”

“पुन्हा तोच शांत आवाज. अगदी पायासारखा.”

निलमचा हात ताटातच थांबला. “पायासाठी विचारता काय तुम्ही?”

“सगळीकडे एकच प्रश्न असतो. तुमची रोजीरोटी जिथे चालते, त्या जागेचं वर्णन करा. आमच्याकडे शेतकरी शेताबद्दल बोलतो, दुकानदार दुकानाबद्दल. त्यात कोणी खोटं कशाला बोलेल?”

“शेतकरी नाय बोलणार,” निलम सावकाश म्हणाली. “शेत रात्रीतून कोण उचलून नेत नाय.”

 सगळा उलगडा एका घासात झाला होता आणि तो घास गिळवत नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या घोटून घोटून गुळगुळीत केलेलं खोटं; ते बोलताना भाटवेळच्या माणसाचा आवाज कापेल कशाला? यंत्राने तोच आवाज खरेपणाचं माप म्हणून घेतला. मग खरा संताप खोटा ठरला आणि पक्ष्यांचं खोटं प्रेम खरं. काटा चोख होता. गावानेच वजन उलट्या पारड्यात टाकलं होतं.

पण हे हिला सांगावं का? ही पोर गोड बोलते. गोड बोलून जागाच काढून घ्यायला आली नसेल कशावरून? निलमने तिच्याकडे बघितलं, तर तीही निलमकडे बघत होती.

“ताई, माझ्या नोंदीत तुम्ही एकट्याच निघालात ज्यांचा पाया थरथरता होता,” शर्वरी म्हणाली. “तुम्ही बर्फाच्या कारखान्याबद्दल बोललात. विजेच्या बिलाला आलात तेव्हा रडवेल्या झाला होतात. तेव्हापासून मला वाटतंय, बाकीच्यांनी मला काहीतरी भलतंच सांगितलंय.”

निलमला हसू आलं. चोरी दोघींनाही कळली होती, फक्त आधी कोणी बोलायचं एवढंच उरलं होतं. “पाया परत घालता येतो?”

“येतो. ज्याने त्याने लिहून द्यायचं, की माझं पहिलं वर्णन खोटं होतं. मग खरं सांगायचं. आवाज गुप्त राहील, पण जागा नाही. समुद्राच्या वापराचा नकाशा हरकतींसाठी नावांसकट सोसायटीत लावावाच लागतो.”

“दुसरा प्रश्न नाय चालणार? लग्न, पोरंबाळं, काहीही?”

“प्रश्न नियमात छापलेला आहे. तो बदलायचा तर दिल्ली.”

नावांसकट. म्हणजे दीपेश आणि महेंद्र एकाच भिंतीवर, एकाच ठिकाणी. निलमने ताट तसंच बाजूला सारलं.

*

सोसायटीच्या सभेत ती उभी राहिली तेव्हा तिने सुरुवात पक्ष्यांपासून केली.

“हरेश्वरआप्पा, एका समुद्रपक्ष्याचं नाव सांगा.”

“कावळा,” कोणीतरी मागून म्हणालं आणि सभा हसली.

हसू ओसरायच्या आत तिने सगळं मांडलं. मनकाटा उलटा का पडला, कोणामुळे पडला, आणि सरळ कशाने होईल. ‘जागा’ हा शब्द तिने उच्चारला आणि हॉलमध्ये एकदम सगळ्यांना खोकला आला.

“म्हणजे जागा सांगायची? आणि भिंतीवर लावायची?” आप्पा उठले. “जागा बोलली की जागा जाते, हे तुला बापसाने शिकवला नाय?”

“नाय बोललं तरी जाणारच हाय, आप्पा. खांब रोवल्यावर ती कोणापासून लपवणार? खांबापासून?”

“माझी जागा काय त्या चौकोनात नाय,” एक तांडेल घाईने म्हणाला. “मी उत्तरेला मारतो.”

“मीपण.”

“आम्ही तर कायमचे उत्तरेचे.”

“मग कापत होतात कशाला?” निलमने विचारलं. “ज्याचं त्या चौकोनात काही नाय, त्याने पवनचक्की आली तर रडायचं काय कारण? मला विचाराल तर वाऱ्याशी माझं भांडण नाय. वीज स्वस्त झाली तर मला पाहिजेच हाय. चक्क्या खुशाल उत्तरेला उभ्या करू देत.”

यावर सभा उठायलाच लागली. महेंद्र मात्र दारातून बाहेर पडता पडता तिच्यापाशी थांबला. “ही बाई तुझ्या माडीवर राहते, आणि तू आम्हाला जागा सांगा म्हणतेस. आता तू कोणाच्या बाजूची, एवढाच सांग.”

दीपेशने घरी येऊन तेच विचारलं, फक्त त्याला खटकत होती ती माडीवरची बाई नव्हे, तिचा भाऊ.

सभेत एकानेही होकार दिला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून शर्वरीच्या खोलीकडे माणसं वळू लागली, आणि तीही सरळ नव्हे. कोणी आधी देवळात जाई, तिथून वाण्याकडे, तिथून मागच्या बोळाने माडीच्या जिन्यावर. जिन्यात दुसरा कोणी भेटला की पहिला म्हणे, “मी आपला बर्फाचा विचारायला आलो होतो,” आणि दुसरा म्हणे, “मीपण.” पहिल्यांदा खोटं सांगताना न कापलेले आवाज आता खरं सांगताना कापत होते. आप्पा तर वर्णन करता करता रडले आणि बाहेर येऊन म्हणाले, “डोळ्यांत काहीतरी गेला.”

दीपेश गेला. महेंद्रही गेला. निलमने दोघांनाही बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

*

नवा अहवाल आणि नवा नकाशा एकाच सकाळी लागला.

अहवाल कोणी वाचलाच नाही. त्यात लिहिलं होतं, की क्षेत्र सातला गावाचा विरोध पूर्ण मनापासून आहे. पवनचक्क्यांना एरवी मनापासून विरोध आढळला नाही, आणि पक्ष्यांची काळजी अजिबात आढळली नाही. पण सगळे डोळे बाजूच्या नकाशावर खिळले होते.

उत्तरेला एक ठिपका नव्हता. दक्षिणेच्या त्या रिकाम्या चौकोनात, एका चिंचोळ्या पट्टीवर, गावातल्या झाडून सगळ्या होड्यांची नावं एकावर एक अशी दाटली होती की वाचायला मान वाकडी करावी लागत होती.

निलमची दोन नावांची तयारी होती. सगळ्या गावाची नव्हती.

 मग कोणीतरी हिशेब लावायला सुरुवात केली. “म्हणजे गणपतीआधी मला तिथे दिसलास तो तू...”

“वाटेने चाललो होतो,” दुसरा सवयीने म्हणाला.

“तिथून वाट कुठे जाते, मेल्या?”

ज्या जागेने इतक्या घरांना पोसलं ती सगळ्यांची होती म्हणून आनंद व्हावा, असं पुस्तकात असतं. भाटवेळच्या माणसांना वाटलं, आपल्याला इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून लुटलं. दीपेशचं बोट ‘होडेकर’वरून सरकत ‘जाक्कर’वर आलं, आणि महेंद्र जाक्करने नेमकं तेव्हाच वळून बहिणीकडे बघितलं.

“तुला माहीत होता,” महेंद्र म्हणाला.

 त्या दिवसापासून दीपेश ताट घेऊन पडवीत जेवू लागला. महेंद्रने निलमच्या लेकीसाठी ठेवलेले मासे दुसऱ्याच माणसाच्या हाती पाठवले आणि निरोप दिला, तिच्या आवशीने इकडे फिरकू नये. निलमने जपून ठेवलेली दोन्ही घरं एका नकाशाने बंद झाली.

आणि ज्या जागेसाठी हे झालं ती वाचलीच नव्हती. “कंपनी म्हणते, डब्यांच्या नोंदीत जागा रिकामी आहे, आणि ही माणसं एकदा खोटं बोलली आहेत तर दुसऱ्यांदा का बोलणार नाहीत?” शर्वरी सांगत होती. “म्हणून पडताळणीचं जहाज येतंय. सोमवारी दिवसभर तिथे उभं राहील. होड्या दिसल्या तर क्षेत्र सात रद्द होऊन चक्क्या उत्तरेला सरकतील. नाही दिसल्या तर...” तिने खिडकीतून बंदराकडे बघितलं. “ताई, नकाशा लागल्यापासून तिथे एकसुद्धा होडी गेलेली नाही. मी रोज बघते.”

निलमलाही ते दिसत होतं. चोरून जाण्यात कोणाला लाज नव्हती. उघड जायची सगळ्यांना होती. जो पहिला जाईल तो सगळ्या गावासमोर चोर ठरणार होता, आणि त्याच्या पाठोपाठ बाकीचे तिथला मासा उपसून नेणार होते. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत होता. खोटं बोलून भरलेली जागा खरं बोलल्याबरोबर खरोखरच रिकामी झाली.

*

सोमवारी सकाळी क्षितिजावर पांढरं जहाज उभं राहिलं. धक्क्यावर आणि बंदराच्या दोन्ही टोकांना सगळ्या होड्या बांधलेल्या. माणसं फाटकी नसलेली जाळी शिवत बसली होती. आप्पा म्हणत होते, “पोरांनो, कोणीतरी निघा.” पोरं म्हणत होती, “आप्पा, तुम्ही पुढे व्हा.” आणि कोणीच हलत नव्हतं.

शर्वरी रडकुंडीला आली होती. “ताई, मी त्यांना सांगू का जाऊन? समजावून?”

“समजलंय सगळ्यांना,” निलम म्हणाली. “तीच तर अडचण हाय.”

ती घरी गेली. दीपेश पडवीत बसून होता. त्याच्याशी ती कित्येक दिवसांत आपणहून बोलली नव्हती. चुलीवरचं दूध ऊतू जातंय एवढ्या साध्या आवाजात ती म्हणाली, “दादा गेला.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? सरळ गेला. वळसा नाय, काय नाय. मुलाला घेऊन.”

दीपेशने चप्पलही घातली नाही.

निलम मागच्या बोळाने जवळजवळ पळतच बंदराच्या दुसऱ्या टोकाला पोचली. महेंद्रने तिला दारात बघून तोंड फिरवलं.

“मी आत येत नाय, दादा. एवढाच सांगायला आले, की हे गेले. तू पुढे जायच्या आत जाळं टाकतो म्हणाले.”

“मोटर ऐकू आली नाय.”

“यांची मोटर विजेची, ती काय ऐकू येणार?”

महेंद्र क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिचा श्वास इतक्या धावपळीनंतरही अडला नाही. मग त्याने आत वळून मुलाला हाक मारली.

बंदराच्या दोन टोकांवरून दोन होड्या निघाल्या आणि तोंडाशी आमनेसामने आल्या. पुढे कोणीच नाही, हे दोघांनाही एकदमच दिसलं असणार, कारण दोघंही उभे राहिले आणि धक्क्यावरूनसुद्धा त्यांचे हातवारे दिसले. पण आता मागे फिरायचं तर दुसरा पुढे जाणार. दोघांनीही नाक सरळ दक्षिणेला लावलं.

धक्क्यावरची माणसं जाळी टाकून उठली. “अरे, होडेकर-जाक्कर निघाले! दोघं मिळून निघाले!” यात ‘मिळून’ हा शब्द सगळ्यांना झोंबला. दोर सुटू लागले, शिव्या सुटू लागल्या, आणि आप्पा स्वतःच्या होडीत चढता चढता ओरडत होते, “थांबा रे, जागा माझ्या आज्याची हाय!” बघता बघता बंदर रिकामं झालं आणि उत्तरेला एकही होडी वळली नाही.

शर्वरी तोंडावर हात ठेवून बघत होती. “ताई, तुम्ही दोघांनाही एकच सांगितलंत?”

“यंत्र बंद हाय ना?” निलमने विचारलं.

संध्याकाळी जहाज होड्यांची नोंद करून गेल्यावर कारखान्याच्या दारात दोन सावल्या पडल्या. दीपेश आणि महेंद्र, दोघांचेही कपडे खाऱ्या पाण्याने ताठ झालेले, दोघांच्याही चेहऱ्यावर एकच राग. रागाच्या भरात आपण एका वाटेने चालत आलो, हे दोघांच्याही लक्षात आलेलं नव्हतं.

“मला म्हणालीस हा गेला,” दीपेश म्हणाला.

“मला म्हणालीस हे गेले,” महेंद्र म्हणाला.

“चहा टाकू?” निलमने विचारलं.

दोघं बाकावर बसले. बाक लहान होता. निलम आत वळली, तर मागून नवऱ्याचा आवाज आला, पण तो तिच्याशी बोलत नव्हता.

“तुझी बहीण पक्की खोटारडी हाय.”

“आमच्या घरात होती तोवर नव्हती हो, भावोजी,” महेंद्र म्हणाला.